बारा पौंड आणि पाच फूट नळी

मे महिन्यात दुपारी तीन वाजता नांदेडच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा एका दुपारी मी एका परमिट रूमच्या मागच्या बोळात एका मिस्त्रीसोबत उभा होतो. मिस्त्री मूळचा लातूरचा. फ्रिज, एसी आणि सोड्याची मशीन दुरुस्त करणारा. अलीकडे बिअरच्या नळांची कामंही त्याच्याकडं यायला लागली आहेत. माझा फ्रिज बघून तो तिकडं निघाला, म्हणून मीही मागं बसून गेलो.

मॅनेजरची तक्रार एका दमात सांगून झाली. "नळ सोडला की नुसता फेस यायलाय. चार ग्लास ओतावेत तवा एक भरायलाय." त्यानं आपल्या परीनं इलाजही केला होता. फेस येतोय म्हणजे गॅस जास्त झाला असणार, म्हणून सिलिंडरचा दाब कमी केला. फेस वाढला. आणखी कमी केला, आणखी वाढला. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि बिअरच्या पिंपाबद्दल, म्हणजे केगबद्दल, भलताच प्रश्न विचारला. "केग कवा आला?"

"सकाळी अकराला."

"टेम्पोत?"

"हाव. टेम्पोतच येतंय की."

मिस्त्री माझ्याकडं बघून हसला. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला पुढचा तासभर लागला.

मॅनेजरनं जे केलं ते शंभरातले नव्याण्णव जण करतील. बाटली हलवून उघडली की फेस उसळतो, आत दाब असतो म्हणून उसळतो, तेव्हा दाब कमी करावा. हिशेब सरळ आहे. नळाच्या बिअरमध्ये मात्र तो उलटा पडतो. सिलिंडरमधला गॅस बिअरला नळापर्यंत ढकलतो हे खरं, पण ते त्याचं जोडकाम. बिअरमध्ये आधीपासून विरघळलेल्या गॅसला आतच डांबून ठेवायचं, ही त्याची खरी नोकरी. पहारा ढिला केला की आतले पळणार. फेस म्हणजे पळालेला गॅस.

हेन्रीचा नियम लातूरच्या बारावीच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, कडाकडा म्हणून दाखवील. ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळणार, हे त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं. विल्यम हेन्री या मँचेस्टरच्या माणसानं तो १८०३ मध्ये मांडला. पाठ करताना 'ठरावीक तापमानाला' हे दोन शब्द पोरं घाईत गिळून टाकतात, आणि मराठवाड्यात तर सगळा घोळ त्या दोन शब्दांतच आहे. वर एक वातावरणाइतका कार्बन डायऑक्साइडचा दाब ठेवला, तर शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण ३.३ ग्रॅम गॅस मावतो. २० अंशांना १.७ ग्रॅम. ४० अंशांना एका ग्रॅमच्याही आत. बिअरला लागतो लिटरमागं ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गार असो की गरम, थोडा जादा दाब दिल्याशिवाय तो आत राहणारच नाही. किती जादा? बिअर ३ अंशांवर असेल तर १२ पौंड, म्हणजे मोटारसायकलच्या चाकातल्या हवेच्या निम्म्याहून कमी. तीच बिअर ४० अंशांवर गेली, तर पन्नास पौंडांच्या पुढं. टेम्पोतून अकरा वाजता उतरलेला केग दुपारी तीनला नेमका कुठं असेल, याचा अंदाज मिस्त्रीला बोळात पाऊल टाकतानाच आला होता.

खरं तर हे शास्त्र आपल्याकडं गाडीवर विकलं जातं. गोटी सोड्याची ती गळ्यात खाच असलेली जाड बाटली हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ साली पेटंट केली. इंग्लंडातून ती कधीच गेली, आपल्याकडं अजून आहे. बाटली चौकटीत अडकवून सोडावाला हँडल मारतो, पाणी आणि गॅस घुसळले जातात, बाटली उलटी होते तेव्हा गोटी गळ्याकडं घरंगळते आणि आतला गॅसच तिला रबराच्या कड्यावर दाबून धरतो. बूच नाही, झाकण नाही; गॅसनं आपल्याच तुरुंगाला कुलूप लावायचं. चांगला सोडावाला पाणी आधी बर्फासारखं गार करून घेतो. का, विचारलं तर म्हणतो, "गार पाण्याला गॅस धरतो." हेन्रीला याहून वेगळं काही म्हणायचं नव्हतं.

सोड्याचा जन्मही बिअरच्या कारखान्यातलाच. इंग्लंडात लीड्सला जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक बिअरच्या भट्टीशेजारी राहायचा. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू तरंगत असतो, पेटती काडी नेली की विझते, हे त्यानं पाहिलं. १७६७ मध्ये त्यानं त्या पिंपांवर धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं आणि पाण्याला चरचरीत चव आली. कृतीची पुस्तिका त्यानं १७७२ मध्ये छापली. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले, ते हेच साल.

आणि आंबून फसफसणारं पेय म्हणाल, तर नांदेडला ते शिकवायला कुणा इंग्रजाची गरज नव्हती. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं, तेलंगणाच्या सीमेला, शिंदीच्या झाडाला मडकं बांधायची रीत निजामाच्या राजवटीच्याही आधीपासूनची. रस मडक्यात पडल्या पडल्या आंबायला लागतो आणि तोच गॅस त्यातूनही निघतो. फक्त मडक्याचं तोंड उघडं. गॅस आला तसा गेला. म्हणून शिंदी सकाळी एक असते आणि दुपारी दुसरीच. केग म्हणजे, फार विचार न करता सांगायचं तर, झाकण लागलेलं मडकं.

पण झाकण मोठं हुशारीचं. मिस्त्रीनं केगच्या डोक्यावरचा कपलर पिळून काढला आणि मला वाकून बघायला लावलं. ५० लिटरचं स्टीलचं पिंप, भरलेलं असलं की साठ किलोच्या वर. त्याला एकच तोंड, वर मध्यभागी. त्या तोंडातून एक सरळ नळी थेट बुडापर्यंत जाते. तोंडावर स्प्रिंगची झडप. कपलर बसवून त्याचा दांडा खाली दाबला की झडप उघडते आणि एकाच तोंडातून दोन वाटा होतात. कडेच्या वाटेनं गॅस आत उतरतो आणि बिअरच्या माथ्यावर बसतो. मधल्या नळीतून बिअर बुडापासून वर चढते. बिअर तळातून निघते, गॅस वरून जागा भरत जातो, हवेचा कण आत जात नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. पार्टीत काही ठिकाणी केगला हातपंप लावतात, सायकलला हवा मारावी तसा. त्यानं बिअर येते, पण पंप हवा मारतो, हवेत प्राणवायू असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. एका रात्रीत केग संपवायचा असेल तरच तो पंप.

कपलरमध्ये रबराचं एक वायसर असतं, मूठभर पैशांचं. ते कडक झालं की गॅस हळूच गळत राहतो आणि मालक गॅसवाल्याला शिव्या घालतो. मिस्त्रीनं साबणाचं पाणी लावून पाहिलं. गळत नव्हता.

मग सिलिंडर. घरच्या गॅसच्या टाकीसारखंच प्रकरण, फक्त दांडगं. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, २० अंशांना त्याचा दाब आठशे पौंडांच्या पुढं. त्यातून बारा पौंड काढून द्यायचं काम रेग्युलेटरचं. आत रबराचा पडदा, पडद्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर स्क्रू. स्क्रू पिळला की स्प्रिंग पडद्याला दाबते, झडप उघडते. पलीकडं दाब भरला की पडदा उलटा फुगून झडप बंद करतो. दोन काटे असतात, एक सिलिंडरचा आणि एक केगकडं जाणाऱ्या गॅसचा. यातला पहिला काटा सगळ्यांना फसवतो. आत द्रवाचा थेंब शिल्लक असेतोवर तो हलत नाही. अर्धा सिलिंडर संपला तरी तोच आकडा. काटा पडायला लागला म्हणजे द्रव संपला, आता थोडाच वेळ. किती गॅस उरलाय हे कळायचं असेल तर सिलिंडर वजनकाट्यावर तोलावा, बायका घरातली टाकी हलवून बघतात त्याच न्यायानं.

नांदेडच्या उन्हाळ्यात इथं आणखी एक गंमत होते. गंमत म्हणजे धोकाच. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव म्हणून राहूच शकत नाही, कितीही दाबा. बोळातला तो सिलिंडर त्या दुपारी बेचाळीस अंशांच्या हवेत उभा होता, भिंतीला पाठ लावून, वर पत्रा तापलेला. आत द्रव नाही, साधा वायूही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी, आणि प्रत्येक चढत्या अंशाबरोबर दाब भराभर वाढणारं. म्हणूनच हे सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत आणि त्यांच्या झडपेवर एक पातळ चकती असते; दाब हाताबाहेर गेला की टाकीऐवजी ती फुटते. मिस्त्रीनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर सिलिंडर सावलीत ओढून खिडकीच्या गजाला साखळीनं बांधला. उभाच, आडवा नाही. आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. "आन् ही खोली बंद करून कुनी झोपू नका," असंही तो पोऱ्याला म्हणाला. हा गॅस हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर खाली साचतो, वास येत नाही, आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो.

खर्च म्हणाल तर मामुली. बारा पौंड दाबानं ५० लिटरची जागा भरायला पाव किलोच्याही आत गॅस लागतो. गॅस महाग नाही, वाया जाणारी बिअर महाग. कागदावर केगमधून अर्ध्या लिटरचे शंभर ग्लास निघतात. त्या दिवशी मोरीत किती गेले होते, ते मॅनेजरनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आता नळी. मला स्वतःला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत जास्त आवडलेली वस्तू हीच, कारण तिच्याकडं कुणी बघत नाही.

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे दोन वाक्यांत कळेल. सोळा मिलिमीटरची नळी लांब अंथरली की शेवटच्या झाडाला पाणी रडत पडतं. नळीच्या अंगाला पाणी घासतं, त्यात दाब खर्ची पडतो. लातूरचा शेतकरी या घासण्याला जन्मभर शिव्या देतो आणि ते कमी करायला पैसे मोजतो. बिअरवाला मात्र हीच घासण विकत घेतो. बघा: केगमध्ये दाब १२ पौंड, नळाच्या तोंडाशी दाब शून्य. हा बारा पौंडांचा कडा बिअरनं एकदम उतरला, तर ती नळातून पिचकारीसारखी सुटते, ग्लासात आपटते आणि सगळा गॅस एका झटक्यात बाहेर पडतो. म्हणून तिला जिन्यानं उतरवायचं. आतून पाच मिलिमीटरलाही थोडी कमीच अशी बारीक नळी घेतली, तर फुटामागं दोन ते तीन पौंड दाब घासण्यात जातो. नळ केगपेक्षा चार फूट वर असेल, तर चढावर आणखी दोनेक पौंड जातात. उरलेले दहा पौंड खायला चार-पाच फूट नळी पुरते. नळाशी पोचेपर्यंत बिअर दमलेली, शांत. सेकंदाला साठ-पासष्ट मिलिलिटर अशी वाहते आणि अर्ध्या लिटरचा ग्लास आठेक सेकंदांत भरतो.

हौशी माणूस इथं चुकतो. बारीक नळी बघून त्याला वाटतं, हिच्यातून काय येणार, आणि तो पाव इंची मोठी टाकतो. तिच्यात फुटाला एक पौंडसुद्धा जात नाही. मग दहा-बारा फूट वेटोळं करावं लागतं, नाहीतर फेस. नळीच्या लांबीचं गणित जुळवायचं आणि दाबाला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. दाब तापमान ठरवतं. वाहण्याचा वेग नळी ठरवते. मॅनेजरनं वेग कमी करायला दाबाचा स्क्रू सोडला, पहारा ढिला पडला, आणि नळीतच बुडबुडे सुटायला लागले.

मिस्त्रीनं नळी हातानं चाचपत नेली. फ्रिजच्या पेटीतून निघून ती भिंतीच्या भोकातून पलीकडं काउंटरला जात होती, आणि भिंतीच्या त्या बाजूला होतं स्वैपाकघर. हातभर नळी तंदूरच्या पाठीमागून उघडी गेली होती. त्यानं माझा हात धरून तिच्यावर ठेवला. चहाच्या कपासारखी ऊन. केग कितीही गार असला, तरी बिअर त्या हातभर अंतरात तापायची आणि पुढं फेस होऊन यायची.

जिथं केग आणि नळ यांत लांबचं अंतर असतं, मोठ्या हॉटेलात तळघरातून वर, तिथं बिअरच्या नळ्यांच्या जोडीनं गार ग्लायकॉलच्या नळ्या एकत्र बांधून वर जाड लपेटा घालतात, अजगरासारखा. ग्लायकॉल घातलेलं पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही, म्हणून ते सतत फिरवत ठेवता येतं. लग्नाच्या पार्टीत याचा गरीब भाऊ असतो: बर्फाच्या पेटीत स्टीलच्या नळीचं वेटोळं, एका टोकाला केग, दुसऱ्याला नळ. आयर्लंडची ती काळी बिअर, गिनेस, हिला तर नायट्रोजन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी असं मिश्रण लागतं. नायट्रोजन जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तिचा फेस लोण्यासारखा बसतो. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, तेव्हापासून जागेवरच बिअर करणाऱ्या छोट्या भट्ट्या राज्यात निघाल्या. तिथं पुष्कळदा केगसुद्धा नसतो, काचेपलीकडच्या टाकीतून सरळ नळाला. आपली पोरं पुण्याला शिकायला जातात आणि सुटीत येऊन इथल्या परमिट रूमला नावं ठेवतात, त्याचं मूळ तिथं आहे.

नळाचं तंत्र सोपं आणि कुणी पाळत नाही. ग्लास तिरपा, नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा आणि एका झटक्यात बंद. कंजुसी म्हणून अर्धा उघडला की आत अरुंद फटीतून बिअर फाटते आणि फेस करते. ग्लासाला तेलकटपणा किंवा साबण राहिला असेल, तर फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात. बुडबुडे काचेला चिकटलेले दिसले की ग्लास नीट धुतलेला नाही, हे गिऱ्हाइकानंही ओळखावं.

नळ्यांची धुलाई हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात टाळला जाणारा भाग. केगमधली बिअर पुष्कळदा बाटलीतल्यासारखी तापवून निर्जंतुक केलेली नसते. म्हणूनच ती ताजी लागते, आणि म्हणूनच नळीत जिवाणू-यीस्ट घर करतात. दर पंधरा दिवसांनी कॉस्टिकच्या पातळ द्रावणानं नळ्या धुवायच्या, मग स्वच्छ पाण्यानं. शिवाय कॅल्शियमचा एक थर आतून बसतो, त्याला अधूनमधून आम्ल लागतं. हौदाच्या कडेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, त्याचाच हा चुलतभाऊ. नळी धुतलेली नसली की बिअरला लोण्याचा नाहीतर व्हिनेगरचा वास येतो. गिऱ्हाईक कंपनीला दोष देतं.

या धुलाईला पाणी लागतं, आणि बिअर म्हणजे तरी बहुतेक पाणीच. लातूरच्या माणसाला हे लिहिताना थोडं अडखळायला होतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या बिअर आणि दारूच्या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगितलं. घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना नळाचं शास्त्र कुणी समजावलं नव्हतं.

परमिट रूममध्ये मिस्त्रीनं शेवटी एवढंच केलं. दुसरा ग्लास भरला, पहिला नाही. पहिल्यात नळाच्या तोंडाचीच ऊब उतरते. त्यात तापमापी बुडवली. सतरा अंश. फ्रिजचा काटा चार दाखवत होता, पण फ्रिजचा काटा फ्रिजची हवा मोजतो. पन्नास लिटर बिअर चार तासांत गार होत नाही, तिला पुरती रात्र लागते, उन्हाळ्यात दिवस-रात्र. तंदूरमागच्या नळीला त्यानं एसीच्या पाइपला घालतात तो काळा फोम गुंडाळला, रेग्युलेटर परत बारावर आणला आणि केगवरचा कपलर सोडून ठेवला.

"मग आज काय विकू?" मॅनेजर म्हणाला.

"बाटली."

खिशातून मार्कर काढून मिस्त्रीनं केगच्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आला ११ वा. उद्या ११ च्या आत लावू नये.' मग मॅनेजरनं पुढं केलेला बिअरचा ग्लास नको म्हणाला, समोरच्या गाडीवर गेला आणि गोटी सोडा मागितला. सोडावाल्यानं अंगठ्यानं गोटी आत ढकलली.